“गाणं तेच आहे, पण हे नव्हे”: आईवडिलांचं जुनं रेडिओगीत शोधताना

आईवडील जुन्या गाण्याची आठवण काढतात तेव्हा त्यांच्या कानात एकच आवाज असतो. यूट्यूबवर पहिलं सापडलेलं लावलं की “हे नव्हे” असं ऐकावं लागतं, ते त्यामुळेच. म्हणून आधी गाणं ओळखा, मग त्याचं नेमकं ध्वनिमुद्रण.

“कुठलं गाणं?” असं थेट विचारू नका, तेच तर आठवत नसतं. आजूबाजूचं विचारा. बाईचा आवाज की पुरुषाचा? रेडिओ घरचा की शेजारचा? ‘आपली आवड’मध्ये लागायचं की ‘भावसरगम’मध्ये? नाटकातलं होतं का? साल कुणी सांगत नाही, पण “मॅट्रिकच्या वर्षी”, “थोरल्याच्या वेळी” हे पक्कं आठवतं. त्यावरून साल तुम्ही काढा. मग गुणगुणायला लावा आणि फोनवर रेकॉर्ड करा. शब्द चुकले तरी मध्ये टोकू नका, चाल तुटते.

ओळ हाती लागली की ‘आठवणीतली गाणी’ हे संकेतस्थळ उघडा. तिथे गीतकार, संगीतकार, गायक आणि गीतप्रकार गाण्यासोबतच मिळतात. पंचाईत अशी की गाणी मुखड्यावरून लावलेली असतात आणि आठवतो बहुधा अंतरा. अशा वेळी अंतऱ्यातले सलग तीन-चार शब्द अवतरणचिन्हांत घालून गूगलवर शोधा. ‘चांदणे’, ‘सखी’, ‘मन’ यांवर भरवसा ठेवू नका, ते भावगीतांत पोत्याने सापडतात. कमी वापरातला शब्द निवडा. कवितेत मात्रेसाठी ऱ्हस्व-दीर्घ बदलतात, तेव्हा ‘गगनी’ न सापडल्यास ‘गगनि’ घालून पाहा. शब्द मुळीच नसतील तर गूगल ॲपमध्ये 10 ते 15 सेकंद चाल गुणगुणा. गाजलेल्या गाण्याला हे चालतं, आडवळणाच्या भावगीताला क्वचितच.

आता खरं काम. मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर साधारण सव्वातीन मिनिटं मावत. आईची आठवण 1950च्या आसपासची आणि सापडलेलं गाणं साडेपाच मिनिटांचं असेल, तर ते बहुतेक नंतर पुन्हा गायलेलं असतं. गायक तोच असला तरी वय वाढलेलं, वाद्यमेळ नवा. काही गाणी तबकडीच्या दोन्ही बाजूंना विभागलेली असत, तेवढा अपवाद धरा.

रेडिओवरचं आणि तबकडीवरचं गाणंही वेगळं असू शकतं. ‘गीतरामायण’ घ्या. 1955मध्ये पुणे आकाशवाणीवरून ते सुरू झालं तेव्हा 56 गीतं माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे अशा अनेकांच्या आवाजांत होती. घरोघरी पोचलेला संच मात्र एकट्या सुधीर फडके यांच्या आवाजातला. “ते बाईंनी म्हटलं होतं” असं आई म्हणत असेल तर ती चुकत नाहीये.

गायिकेचं लग्नाआधीचं नावही शोधून पाहा: माणिक वर्मा यांची सुरुवातीची गाणी ‘माणिक दादरकर’ या नावाने आहेत. इंटरनेट आर्काइव्ह (archive.org) या संकेतस्थळावर रोमन लिपीत, दोन-तीन स्पेलिंगांनी शोधा. तिथेही नसेल तर संग्राहकांकडे वळा. मुंबईत 1990मध्ये सुरू झालेली ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ याच कामातली. विचारताना पहिली ओळ, गायक, अंदाजे साल आणि माहीत असल्यास एचएमव्ही, कोलंबिया, यंग इंडिया यांपैकी कंपनी सांगा. “आईचं एक जुनं गाणं हवंय” एवढ्यावर कुणी कपाट उघडत नाही.

गाणं फक्त आकाशवाणीवर थेट गायलेलं असेल, तर ते उरलेलंच नसण्याची शक्यता मोठी. टेप महाग होत्या, पुसून पुन्हा वापरल्या जात. अशा वेळी त्याच गायकाची दुसरी तबकडी द्या, पण “हेच ते” असं भासवू नका. लगेच पकडतात.

सापडलेल्यात आवाज चिरका आणि लय घाईची वाटली तर तबकडी चुकीच्या वेगाने फिरवलेली असते. यूट्यूबचा वेग कमी करून उपयोग नाही. त्याने लय उतरते, पट्टी तशीच राहते. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ‘टेम्पो’ सोडून ‘स्पीड’ निवडा, 2-3 टक्के कमी करा आणि त्याच गायकाच्या दुसऱ्या गाण्याशी ताडून पाहा. खरखर फार घासू नका, तिच्यासोबत ‘स’ आणि ‘श’ही जातात, आणि वयस्क कानांना तेच आधी कमी ऐकू येतात.

शेवटी एमपीथ्री करून पेनड्राइव्हवर घाला. 64 जीबीचा पेनड्राइव्ह बहुधा एक्सफॅट या फॉरमॅटमध्ये येतो आणि साधा स्पीकर तो वाचत नाही. 16 किंवा 32 जीबीचा, फॅट32 या फॉरमॅटमधला घ्या. हवं ते गाणं 01 क्रमांकावर ठेवा, म्हणजे स्पीकर चालू करताच बहुधा तेच लागेल आणि बटणं शोधावी लागणार नाहीत.