आधी खाण्याचा भरवसा

परदेशातून तेरा-चौदा वर्षांचं मूल दत्तक येऊन इंदूरच्या घरात पाऊल टाकतं, आणि आपल्याला लगेच त्याला सराफ्याच्या खाऊगल्लीत न्यावंसं वाटतं. थोडं थांबा. रात्रीची ती गर्दी, तो कलकलाट, न कळणारी भाषा, सगळं अंगावर येतं. त्याआधी त्याच्या खोलीत एक डबा ठेवा: शेंगदाणे, चिक्की, बिस्किटं, न विचारता घ्यायची मुभा. संस्थेत वाढलेली काही मुलं उशीखाली पोळी लपवतात. सापडली तर रागावू नका, डबा पुन्हा भरा. नाव त्याचंच राहू द्या. ‘आई’ म्हणायचाही आग्रह नको. ‘सहाला येते’ म्हणालात तर सहालाच या. आणि बोलतं करायला समोर बसवू नका. भुट्ट्याचा कीस करायचा असेल त्या दिवशी कणसं सोलायला शेजारी बोलवा.