तारे जन्माला घालणाऱ्या मेघांचं अंतर काढताय? या चुका टाळा

भुजंग तारकासमूहात वायू आणि धुळीचा एक मेघ आहे. त्याच्या पोटात आजही तारे जन्माला येताहेत. कितीतरी वर्षं या मेघाचं अंतर २६० पारसेक (एक पारसेक म्हणजे सुमारे सव्वातीन प्रकाशवर्षं) धरलं जायचं. २०१० साली दूरदूरच्या रेडिओ दुर्बिणी एकत्र जोडून तिथल्या एका कोवळ्या ताऱ्याचा पराशय, म्हणजे पृथ्वी सूर्याभोवती फिरताना ताऱ्याची जागा किंचित सरकलेली दिसते तो कोन, मोजला गेला आणि अंतर निघालं सुमारे ४१५ पारसेक. पुढच्या मोजणीत ते ४३६ पारसेकवर गेलं. मेघाचं वस्तुमान आणि ताऱ्यांची तेजस्विता अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतात, त्यामुळे दोन्ही एका फटक्यात २.८ पट झाली.

पण २६०चा आकडाही कुणी हवेतून काढला नव्हता. त्या दिशेला मेघाच्या अलीकडच्या बाजूला धुळीचा दुसरा पट्टा आडवा आला आहे, त्याच्या कडेचं ते अंतर होतं. मोजणी चोख झाली होती, फक्त ती भलत्याच वस्तूची होती.

मेघाचं अंतर थेट मोजता येतच नाही. आपण मोजतो एखाद्या ताऱ्याचा पराशय, धुळीच्या कडेची जागा, वायूचा वेग किंवा मेसरच्या (लेसरसारख्या तेजस्वी, नैसर्गिक रेडिओ स्रोताच्या) ठिपक्याची आकाशातली हालचाल, आणि मग म्हणतो की मेघही तिथेच असणार. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक चुका या ‘तिथेच असणार’मध्ये झालेल्या आहेत.

वाटेतल्या धुळीलाच मेघ समजणं

धुळीवरून अंतर काढायची रीत सोपी आहे. मेघाच्या दिशेचे तारे अंतराप्रमाणे ओळीने मांडायचे. अलीकडचे तारे स्वच्छ दिसतात, पलीकडचे धुळीतून दिसत असल्याने मंद आणि तांबूस होतात. तांबडेपणा जिथे एकदम उडी मारतो तिथे मेघ. गाया उपग्रहाने कोट्यवधी ताऱ्यांचे पराशय दिल्यापासून या रीतीने जवळच्या मेघांची अंतरं साधारण पाच टक्क्यांपर्यंत नेमकी मिळू लागली. २०२० साली जाहीर झालेली, सुमारे २.७ किलोपारसेक (२,७०० पारसेक) लांबीची रॅडक्लिफ लाट, म्हणजे जवळच्या मेघांची लाटेसारखी वळणारी रांग, याच अंतरांमधून पुढे आली.

चूक होते ती पहिली उडी दिसताच थांबल्याने. वाटेत दोन-तीन पट्टे असतील तर उड्याही तितक्याच असतात. आलेखात साधारण तिप्पट अंतरापर्यंत जा, प्रत्येक उडी नोंदवा आणि कार्बन मोनॉक्साइडच्या वर्णपटात त्या दिशेला किती वेगवेगळे वेग दिसतात ते बघा, कारण वेगळा वेग म्हणजे बहुधा वेगळा मेघ. उडी एक आणि वेग तीन असं दिसलं, तर काहीतरी नजरेतून सुटलं आहे.

ही रीत मेघाच्या विरळ कडांवर चालते, हेही विसरायला नको. दाट गाभ्यामागचे तारे दृश्य प्रकाशात दिसतच नाहीत. शिवाय दाट भागात धुळीचे कण मोठे होतात आणि मंदपणा व तांबडेपणा यांचं गुणोत्तर बदलतं. नेहमीचा ३.१ हा आकडा तिथे डोळे मिटून वापरू नये, दाट मेघात तो ५च्या घरात जाऊ शकतो.

पराशय उलटा करून मोकळं होणं

एक भागिले पराशय म्हणजे अंतर, हे आपण पाठ केलेलं असतं. मोजणीतली त्रुटी लहान असते तोवर ते चालतं. पण पराशय ०.५ मिलिआर्कसेकंद (एक मिलिआर्कसेकंद म्हणजे अंशाचा छत्तीस लाखावा भाग) आणि त्रुटी ०.२ असेल तर? मधला आकडा २ किलोपारसेक येतो. ०.७ धरलं तर १.४३ आणि ०.३ धरलं तर ३.३३. एका बाजूला जेमतेम ०.५७, दुसऱ्या बाजूला १.३३. असे शंभर तारे घेऊन त्यांच्या अंतरांची सरासरी काढली की उत्तर लांबच्या बाजूला ओढलं जातं. म्हणून सरासरी पराशयांची, भार देऊन काढावी आणि अंतरात रूपांतर शेवटी एकदाच करावं. त्रुटी पराशयाच्या वीस टक्क्यांच्या वर असलेले एकेकटे तारे असतील तर संभाव्यतेची गणितं वापरावीत. उलटा भागाकार तिथे उपयोगाचा नाही.

गायाच्या पराशयांना शून्याची चूकही असते. अतिदूरच्या क्वासारांचा पराशय शून्य यायला हवा, पण दुसऱ्या माहितीसंचात तो सरासरी उणे ०.०२९ आणि तिसऱ्यात उणे ०.०१७ मिलिआर्कसेकंद आला. ४०० पारसेकवरच्या मृगातल्या मेघासाठी ०.०२९ने जेमतेम एक टक्का फरक पडतो. २ किलोपारसेकवर मात्र तोच फरक पाच टक्क्यांच्या वर जातो. तिसऱ्या संचासाठी ही दुरुस्ती ताऱ्याची दीप्ती, रंग आणि आकाशातली जागा पाहून करायची असते. सगळ्यांना सरसकट एकच आकडा चिकटवणं म्हणजे अर्धवट काम.

पाचशे तारे घेतले म्हणून त्रुटी बावीसपट कमी होईल असंही नाही. आकाशात जवळजवळ असलेल्या ताऱ्यांच्या चुका एकाच दिशेने झुकलेल्या असतात. तिसऱ्या संचात सुमारे ०.०१ मिलिआर्कसेकंदाच्या खाली उतरल्याचा दावा दिसला की मी तरी आधी गणित तपासते.

सगळ्यात महाग पडते ती ताऱ्यांची निवड. मेघाच्या दिशेला दिसणारा प्रत्येक तारा मेघातला नसतो. निजगती (ताऱ्याची आकाशातली स्वतःची सरक) इतरांशी जुळते का, ताऱ्याभोवतीच्या चकतीमुळे अवरक्त प्रकाश जास्त दिसतो का, ताऱ्याचा वेग वायूच्या वेगाशी मिळताजुळता आहे का, या तिन्ही गोष्टी पाहाव्यात. आरयूडब्ल्यूई हा गायाची मोजणी एकट्या ताऱ्याच्या गणिताशी किती जुळते ते सांगणारा निर्देशांक १.४च्या वर असेल तर ताऱ्याला जोडीदार असण्याची किंवा मोजणी बिघडल्याची शंका घ्यावी. मात्र तरुण ताऱ्यांत चकती आणि आसपासचा उजळ वायू यांमुळेही तो वाढतो, त्यामुळे या चाळणीतून चांगले तारेही गळतात.

वेगावरून अंतर काढताना डोळे मिटणं

मेघ धुळीत गडप आणि हजारो प्रकाशवर्षं दूर असला की गायाचा काही उपयोग नसतो. मग उरतो तो वेग. वायूची वर्णरेषा डॉपलर परिणामाने किती सरकली ते मोजायचं, आकाशगंगा कशी फिरते याचं सूत्र लावायचं आणि त्या दिशेला तेवढा वेग कुठे असायला हवा ते शोधायचं. असंख्य मेघांची अंतरं अशीच काढलेली आहेत आणि खड्डेही इथेच सर्वाधिक आहेत.

एक उदाहरण हातानेच सोडवू. दीर्घिकीय रेखांश (आकाशगंगेच्या केंद्राच्या दिशेपासून प्रतलात मोजलेला कोन) ३०°, मेघाचा वेग सेकंदाला ६० किलोमीटर. सूर्य आकाशगंगेच्या केंद्रापासून ८.१५ किलोपारसेकवर आहे आणि फिरण्याचा वेग सगळीकडे २३६ कि.मी. आहे असं धरू. मेघ केंद्रापासून सुमारे ५.४ किलोपारसेकवर येतो. पण आपली दृष्टिरेषा त्या वर्तुळाला दोनदा छेदते, एकदा ३.५ आणि एकदा १०.६ किलोपारसेकवर. वेग दोन्हीकडे तोच. जवळचं उत्तर घेतलं की लांबचं, यावर मेघाचं वस्तुमान नऊपट बदलतं.

जवळचं की लांबचं, हे ठरवायला खुणा आहेत. मेघातला थंड हायड्रोजन मागच्या उबदार हायड्रोजनचा २१ सेंटिमीटरचा प्रकाश त्याच वेगावर शोषत असेल, तर मेघ बहुधा जवळचा. अवरक्त छायाचित्रात उजळ पार्श्वभूमीवर काळी सावली दिसली तरी तेच. मेघात आयनीभूत हायड्रोजनचा तेजस्वी गोळा असेल तर त्याच्या रेडिओ प्रकाशात कोणत्या वेगापर्यंत शोषण दिसतं ते बघा. मेघाच्या स्वतःच्या वेगापुढे जाऊन, त्या दिशेला शक्य असलेल्या सर्वाधिक वेगापर्यंत शोषण असेल तर मेघ लांबचा. आकाशगंगेच्या प्रतलापासूनची उंचीही बोलते. आपला मेघ १° वर असेल तर जवळच्या अंतरावर ती ६० पारसेक भरते, लांबच्या अंतरावर १८५. रेणूंच्या वायूचा थर इतका जाड नसतो, म्हणून जवळचं उत्तर जास्त पटतं. मात्र शोषण दिसलं नाही म्हणून ‘लांबचा’ असा शिक्का मारू नये. न दिसण्याची कारणं पुष्कळ असतात.

आता याच गणितात जुने आकडे घाला, ८.५ किलोपारसेक आणि २२० कि.मी. जवळचं अंतर ३.५ऐवजी ३.९ येतं, दहा टक्क्यांचा फरक. म्हणजे १९९०च्या दशकातल्या तक्त्यातला एक मेघ आणि आजच्या तक्त्यातला दुसरा शेजारी ठेवून तुलना केली, की त्या तुलनेत मेघांचं काहीच नसतं, फक्त गृहीतकांचा फरक असतो. आधी दोन्हींचे वेग घ्या आणि अंतरं एकाच सूत्राने पुन्हा काढा. वेग सूर्याच्या संदर्भात दिला आहे की आसपासच्या ताऱ्यांच्या सरासरीच्या, तेही बघा. ही गल्लत कि.मी.च्या दोन अंकी आकड्यांत जाऊ शकते.

आणि मेघ वर्तुळातच फिरतात असं कुणी सांगितलं? आपल्या उदाहरणात वेग १० कि.मी.ने इकडेतिकडे झाला तर जवळचं अंतर ३.०४ ते ३.९७च्या दरम्यान कुठेही पडतं. सर्पिल बाहूंमध्ये एवढी ढकलाढकली नेहमीची. ययाती बाहूतल्या डब्ल्यू३-ओएच या प्रदेशाचं वेगावरून काढलेलं अंतर ४ किलोपारसेकच्या वर होतं. २००६ साली तिथल्या मिथेनॉल मेसरचा पराशय मोजला गेला, ०.५१२ मिलिआर्कसेकंद. म्हणजे १.९५ किलोपारसेक, निम्म्याहूनही कमी. तिथला वायू वर्तुळाकार गतीपासून सेकंदाला सुमारे २० कि.मी. ढळलेला आहे.

काही दिशांना तर ही रीत वापरूच नये. केंद्राकडे आणि त्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला फिरण्याचा वेग आपल्या दृष्टिरेषेला आडवा असतो, त्यामुळे रेषा सरकतच नाही. हंस तारकासमूहात, रेखांश ८०°च्या आसपास, जवळच्या कित्येक किलोपारसेकमधल्या सगळ्या मेघांचे वेग शून्याजवळ गर्दी करतात. तिथला एएफजीएल २५९१ हा तरुण तारा पूर्वी १ ते २ किलोपारसेकवर मानला जायचा. मेसरच्या पराशयाने तो ३.३३वर नेला. १ किलोपारसेक धरून ज्यांनी तेजस्विता काढली होती, त्यांची तेजस्विता अकरा पटींनी कमी निघाली होती.

एका मेघाला एकच आकडा

वृषभातला मेघ ‘१४० पारसेक’ असं आपण सवयीने म्हणतो. त्याचे भाग प्रत्यक्षात सुमारे १३० ते १६० पारसेकपर्यंत पसरले आहेत. मृगातल्या ‘ए’ मेघाचं डोकं ४०० पारसेकवर, तर शेपूट ४७०च्या आसपास. शेपटाकडच्या ताऱ्यांना डोक्याचं अंतर लावलं तर तेजस्विता जवळजवळ चाळीस टक्क्यांनी बदलते आणि तेजस्वितेवरून काढलेली वयंही सोबत हलतात.

मेसर आहे म्हणून निर्धास्त राहणं

रेडिओ पराशयाची ताकद मोठी आहे. २०१७ साली आकाशगंगेच्या पलीकडच्या बाजूच्या, २०.४ किलोपारसेकवरच्या एका ताराजन्म-प्रदेशाचा पराशय त्यातून मिळाला, फक्त ०.०४९ मिलिआर्कसेकंद. पण पाण्याच्या मेसरचे ठिपके काही महिन्यांत विझतात, आकार बदलतात, आणि दोन वेगळे ठिपके एकच समजले गेले तर पराशयही चुकतो. ताऱ्याला जोडीदार असेल तर त्याच्या कक्षेची हालचाल पराशयात मिसळते. पराशय आणि निजगती वजा केल्यावर उरलेल्या ठिपक्यांत वळण दिसतं का, ते नक्की तपासा. वर्षभर विखुरलेली निरीक्षणं नसतील तर ते वळण दिसणारही नाही.

दोन रीतींची उत्तरं जुळेनात तर

सरासरी काढू नका. आधी प्रत्येक आकडा कशाचा आहे ते लिहून काढा : पुढच्या कडेवरचा तारा, गाभ्यातला मेसर, धुळीची उडी की वायूचा वेग. पुष्कळदा भांडण तिथेच मिटतं. मग विरियल गुणांक (वायूच्या आतल्या हालचालीचा जोर आणि मेघाचं गुरुत्व यांचं गुणोत्तर) बघा. तो अंतराच्या व्यस्त प्रमाणात बदलतो, म्हणून आपल्या उदाहरणातला मेघ जवळच्या अंतरावर ३ दाखवत असेल तर लांबच्या अंतरावर १ दाखवेल. तारे धडाधड जन्मताहेत आणि गुणांक मात्र सगळा वायू विखरून जात असल्याचं सांगतो आहे, असं झालं तर आधी अंतराकडेच संशयाने पाहा. फक्त गुणांक नीट यावा म्हणून अंतर निवडलंत, तर नंतर त्याच गुणांकावरून मेघ बांधलेला आहे हे सिद्ध करता येणार नाही.

माझ्या तक्त्यात अंतराच्या शेजारी आता आणखी तीन रकाने आहेत : रीत कोणती, मोजलेली वस्तू कोणती आणि सूर्य–केंद्र अंतर किती धरलं. तिसरा रकाना कोरा असलेल्या ओळी मी तुलनेत घेत नाही.