'असू दे' म्हणून काढलेली दुसरी प्रत

आमच्या ऑफिसात सगळ्यात महागडे शब्द कुठले म्हणाल, तर 'असू दे'. "मॅडम, किती प्रिंट काढू?" "दोन काढ, एक असू दे." ती 'असू दे'वाली प्रत चार दिवस टेबलावर राहते, मग महिनाभर ट्रेमध्ये, मग कपाटावर, आणि शेवटी शिपाई मामांच्या पोत्यात जाते. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात मी बरीच वर्षं हिशेब बघतेय. तिथं कागद कमी करताना काय जमलं आणि काय फसलं, ते सांगते.

सुरुवात फसण्यानेच झाली. 'कागद वाचवा' अशा रंगीत पाट्या प्रिंट करून आम्ही प्रत्येक टेबलासमोर चिकटवल्या. नऊ कागद गेले.

मग शहाणपण सुचलं. सुताचा एक रिकामा खोका प्रिंटरशेजारी ठेवला आणि आठवडाभर एकही कागद कचऱ्याच्या डब्यात टाकायचा नाही, सगळा ह्यात, असं ठरवलं. शनिवारी खोका सुताच्या वजनकाट्यावर ठेवला. खोक्याचं वजन वजा जाता ३ किलो २०० ग्रॅम. हिशेब सोपा आहे: आपण वापरतो तो ७५ जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ७५ ग्रॅम) ए-फोर कागद साधारण ४.७ ग्रॅमचा, म्हणजे किलोत सुमारे २१४ कागद. आमचे जवळपास ६८५ झाले. रिममध्ये असतात ५००. तुम्हीही आधी हेच करा. आकडा समोर आला की मालकांना वेगळं काही पटवून द्यावं लागत नाही.

वजन झाल्यावर तो ढीग जमिनीवर पसरून बसा. खरी गंमत तिथं आहे. आमच्याकडे सगळ्यात जास्त निघाली ती एक्सेलची पोरकी पानं. स्टॉकचा तक्ता रुंद असतो, शेवटचा रकाना पानात मावत नाही, मग तो एकटाच दुसऱ्या पानावर येतो. वर नुसतं 'शेरा' लिहिलेलं आणि खाली चाळीस रिकाम्या चौकटी, अशी पानंच पानं! उपाय अर्ध्या मिनिटाचा आहे. 'पेज लेआउट'मध्ये 'स्केल टू फिट' असतं, तिथं 'विड्थ' एक पान करा आणि 'हाइट' ऑटोमॅटिकच ठेवा. दोन्ही एक केलंत तर लांब तक्ता मुंगीएवढा होतो आणि मग चश्मेवाले लोक परत मोठा प्रिंट काढतात. दोन्ही बाजूंनी छपाई हे सेटिंग प्रत्येक कॉम्प्युटरवर कायमचं करून टाका. माणसावर सोडलंत तर होत नाही, मीसुद्धा विसरते.

दुसरा ढीग बिलांचा. मालाच्या बिलाच्या तीन प्रती काढायच्या (एक घेणाऱ्याला, एक वाहतूकदाराला, एक आपल्याला), हा जीएसटीचा नियम सगळ्यांच्या डोक्यात पक्का बसलाय. पण ई-इनव्हॉइस केलेल्या, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेल्या बिलाला हा तीन प्रतींचा नियम लागूच नाही. १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना ई-इनव्हॉइस करावंच लागतं, म्हणजे एमआयडीसीतले बरेचसे त्यात आले. वाटेत तपासणी झाली तर त्या बिलाचा क्यूआर कोड मोबाइलवर दाखवलेलाही चालतो. तरी आम्ही एक प्रत देतो. हातात कागद नसला की ड्रायव्हरला चैन पडत नाही.

तिसरा ढीग चुरगळलेल्या, अर्धवट छापलेल्या कागदांचा. त्याचं कारण मामांनी शोधलं. मे महिना, बाहेर बेचाळीस, आणि कूलरचं तोंड थेट प्रिंटरकडे. "ओ मॅडम, कागूद वल्ला लागतोय बगा," म्हणाले. हात लावून बघितलं तर खरंच, पापड उन्हात घालायच्या आधी लागतो तसा मऊ. दमट कागद एकमेकांना चिकटतो आणि दोन-दोन पानं आत ओढली जाऊन अडकतात. कूलरचं तोंड फिरवा. ट्रेमध्ये दिवसाला लागेल तेवढाच कागद भरा आणि उरलेला रिमच्याच वेष्टनात गुंडाळून ठेवा. ते वेष्टन ओल आत जाऊ नये म्हणूनच असतं.

पाठकोऱ्या कागदांबद्दल एक इशारा. काटकसर म्हणून मी ते परत प्रिंटरमध्ये घातले होते. एकाला पिन राहिली होती. दुरुस्तीला जे पैसे गेले, त्यात किती रिम आल्या असत्या हे मी मालकांना सांगितलेलं नाही. पाठकोरे कागद अर्ध्यात कापा आणि बाइंडरकडून वह्या करून घ्या. आमच्या वह्यांना मागं साधा पुठ्ठा असतो. चादरीवर नक्षी विणणाऱ्या जेकार्ड मागाचे भोकं पाडलेले जुने पुठ्ठे मात्र मी फायलींमध्ये विभाग पाडायला वापरते. अरुंद असले तरी मजबूत असतात, आणि बाहेरचा माणूस आला की हमखास विचारतो, हे काय म्हणून.

पण वही करण्याआधी कागद उलटून बघा. एकदा कारखान्याच्या फाटकाबाहेर शेंगदाण्याचा पुडा घेतला. खाऊन झाल्यावर सहज उलगडला, तर आमचंच पगारपत्रक! नावं, रक्कम, बँकेचा खातेक्रमांक, सगळं. तेलाच्या डागाखाली माझ्याच हातची सही. त्या दिवसापासून पगार, आधार, बँक असलं काहीही कुलूपबंद पेटीत जातं आणि महिन्यातून एकदा श्रेडरमध्ये. बाकीचं मात्र श्रेडरमध्ये घालू नका. कागदाचा धागा पाच ते सात वेळाच परत वापरता येतो, आणि बारीक कातरला की तो आणखी आखूड होतो. रद्दीवालाही त्या भुश्शाला तोंड वाकडं करतो.

जुन्या फायली फेकायची घाई नको. जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने ठेवावे लागतात. म्हणजे २०२३-२४ चे ३१ डिसेंबर २०३० पर्यंत. कंपनी असेल तर हिशेबाची पुस्तकं ८ आर्थिक वर्षं. केस चालू असेल तर हात लावू नका, सीएंना विचारा.

रद्दीचे ढीग वेगळे ठेवा: पांढरा कागद, वर्तमानपत्र, पुठ्ठा. सगळं एकत्र कोंबलं की सगळ्याला सगळ्यात कमी भाव. आमच्यात सूत गुंडाळायचे कागदी कोन हा चौथा ढीग. पिना उपटत बसू नका, कागदाच्या मिलमध्ये लगद्यातून त्या वेगळ्या काढतात. मोठे क्लिप आणि स्पायरल काढा, ते परत वापरता येतात. एटीएमच्या आणि कार्ड मशीनच्या पावत्या पांढऱ्या कागदात नकोत. ओळखायचं कसं? नखाने रेघ ओढा, काळी उमटली की तो रसायन लावलेला कागद. लॅमिनेशन केलेलं, कार्बन पेपर आणि भजीचं तेल लागलेलं, हेही बाजूला.

आणि रद्दीवाल्याला दिवाळीच्या तोंडावर बोलावू नका. तेव्हा अख्खं गाव कपाटं उपसतं, भाव पाडून मिळतो. आम्ही जानेवारीतली गड्ड्याची जत्रा उरकल्यावर बोलावतो. काटा त्याचा नाही, आपला सुताचाच.