सोळा पॅच आणि फीडची वाट

पाच बाय पाचवर केळी लावायची ठरली की आमच्या रावेर-यावलकडचा शेतकरी खड्डे घ्यायच्या आधी ठिबकची नळी कुठून जाणार आणि घड काढायला वाट कुठे राहणार ते बघतो. मिलिमीटर-वेव्हचा अँटेना अ‍ॅरे, म्हणजे अनेक छोट्या अँटेनांची एकत्र मांडणी, करताना माझे विद्यार्थी नेमकं उलटं करतात. पॅच, म्हणजे अँटेनाचे तांब्याचे चौकोनी तुकडे, मांडून टाकतात, मग फीडच्या, म्हणजे सिग्नल पोचवणाऱ्या, लाइनला जागाच उरत नाही. माझ्या पहिल्या बोर्डात मीही हेच केलं होतं.

२६ गिगाहर्ट्‌झ धरू. २०२२च्या लिलावात फाइव्ह-जीसाठी गेलेला हा पट्टा. तरंगलांबी ११.५३ मिमी, तिची निम्मी ५.७७. एफआर-४चा नेहमीचा सर्किट बोर्ड इथे नको, सिग्नल तोच खाऊन टाकतो. ड्युरॉईड ५८८० हा कमी सिग्नल खाणारा बोर्ड घ्या, जाडी ०.२५४ मिमी. महाग आहे, पण तुकडा लहानच लागतो. डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट (बोर्डात लहर किती आखडते ते सांगणारा आकडा) २.२ धरून पॅच येतो ४.५६ मिमी रुंद आणि ३.७५ मिमी लांब. सिम्युलेशनची सुरुवात या आकड्यांवरून करा.

आता खरी अडचण. चार बाय चारचा अ‍ॅरे, पॅचच्या मध्यापासून मध्यापर्यंत निम्मी तरंगलांबी ठेवून, मांडला तर सगळं मिळून २२ मिमीच्या चौकोनात बसतं. पण रुंदीच्या बाजूनं दोन पॅचमध्ये उरतात १.२१ मिमी, आणि ५० ओहमची लाइनच ०.७८ मिमीची. दोन्हीकडे जेमतेम ०.२ मिमी मोकळे. लाइन आणि पॅच एकमेकांत सिग्नल सांडतात आणि बीम, म्हणजे अँटेनाचा झोत, वेडावाकडा येतो.

म्हणून आधी स्वतःला विचारा, बीम वळवायचा आहे का? एकाच दिशेला रोखायचा असेल तर अंतर ०.७ तरंगलांबी, म्हणजे ८.०७ मिमी करा. अ‍ॅरे २९ मिमीपर्यंत वाढेल, पण फीड त्याच थरावर सुखानं बसेल. या अंतरावर बीम २५ अंशांपलीकडे वळवला की ग्रेटिंग लोब, म्हणजे भलत्याच दिशेचा दुसरा झोत, डोकं वर काढतो. वळवायचाच असेल तर ५.७७ सोडू नका. फीड ग्राउंड प्लेनच्या (पॅचखालच्या तांब्याच्या सलग थराच्या) खाली दुसऱ्या थरावर न्या आणि प्रत्येक पॅचखाली ग्राउंडमध्ये स्लॉट कापून सिग्नल वर चढवा. मला हीच रचना आवडते. कष्ट जास्त आहेत, पण वरचा थर स्वच्छ राहतो. सोळाही फांद्या सारख्या लांबीच्या हव्यात. लाइनमध्ये एक मिलिमीटर इकडेतिकडे झाला की फेज, म्हणजे लहरीचा टप्पा, जवळजवळ ४३ अंशांनी सरकते.

पहिला बोर्ड बनून आला तेव्हा रेझोनन्स, म्हणजे पॅच ज्या फ्रिक्वेन्सीला सर्वांत चांगला चालतो ती, वर सरकलेला होता. माझा मामेभाऊ जळगावला सोन्याचं बारीक काम करतो. त्याच्या भिंगाखाली बोर्ड धरला. पॅचच्या कडा इचिंगमध्ये आत खाल्ल्या गेलेल्या, तांब्याचा काठ उतरता झालेला. मोजलं तर लांबी ३.६५ भरली. एवढ्या ०.१ मिमीनं फ्रिक्वेन्सी ६५० मेगाहर्ट्‌झ हलते, आणि या जाडीच्या पॅचची सगळी बँडविड्थही (तो चालतो त्या फ्रिक्वेन्सींची रुंदी) साधारण तेवढीच. म्हणजे अख्खा पट्टाच हातचा गेला. तेव्हापासून मी अ‍ॅरेच्या आधी ३.७०, ३.७५ आणि ३.८० लांबीचे तीन सुटे पॅच त्याच कारखान्यातून करून घेते. बनून आल्यावर ते मोजते, आणि मगच सोळांची फाइल पाठवते.

मोजायला २.९२ मिमीचाच कनेक्टर वापरा. २२ मिमीच्या अ‍ॅरेचं फार फील्ड, म्हणजे जिथून पुढे झोत नीट मोजता येतो ते अंतर, साधारण १७ सेंटीमीटरवर सुरू होतं, त्यामुळे अर्धा मीटर अंतर भरपूर झालं. सगळं जुळल्यावर मध्ये एक हिरवं केळीचं पान धरून बघा. पानातल्या पाण्यानं सिग्नल लगेच पडतो. शेतावरून लिंक टाकणार असाल तर खांबाची उंची आजच्या रोपांवरून ठरवू नका, घडाला आलेल्या बागेवरून ठरवा.