जुनी शिकारी रायफल बांधायला घेण्याआधी

दस्ता नवा करता येतो, ट्रिगर हलका-जड करता येतो, दुर्बीण हवी ती लावता येते. बोअर (नळीचं आतलं माप), नळीची लांबी आणि अंगावर ठोकलेला नंबर मात्र जसा घेतला तसाच राहणार. म्हणून सौद्याला जाताना यादी उलटी धरायची: जे पुढे बदलता येणार नाही ते आधी, आणि ज्याने मन भुलतं, म्हणजे लाकडाची रेषा, चकाकी, मुठीवरची नक्षी, ते शेवटी. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात वडिलोपार्जित रायफली अजून बऱ्याच घरांत आहेत आणि विकायलाही निघतात. त्यांतली कुठली बांधणीला, म्हणजे दस्ता-ट्रिगर-दुर्बीण नव्याने बसवायला, पाया म्हणून घ्यावी, त्याची ही तयारी.

एक गोष्ट सुरुवातीलाच. ‘शिकारी रायफल’ हे आता फक्त घाटाचं नाव आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली शिकार बंद आहे. रानडुक्कर उसात शिरलं तरी वनखात्याच्या अधिकृत अधिकाऱ्याच्या लेखी आदेशाशिवाय गोळी झाडता येत नाही, आणि गव्याचं तर नावच काढू नये. भीमगड अभयारण्यात मुख्य वन्यजीव संरक्षकांच्या पूर्वपरवानगीशिवाय हत्यार घेऊन शिरणं हाच गुन्हा आहे. रायफल झाडायची जागा म्हणजे परवानगी असलेली रेंज. हे मान्य असेल तर पुढचं वाचा.

पहिलं काम कागदांचं, आणि त्यासाठी रायफल हातात घ्यायचीसुद्धा गरज नाही. आपल्या लायसनवर जागा आहे का ते बघा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात, पूर्वी तीन होती. घरात एक बारा बोअर आणि एक रिव्हॉल्व्हर असेल तर तिसऱ्याची चौकशी वाया. नंतर लायसनची हद्द वाचा, कारण सीमाभागात नेमकी इथेच फसगत होते. लायसन फक्त कर्नाटकापुरतं असेल तर शिनोळीच्या नाक्यापलीकडे, चंदगडला किंवा कोल्हापूरच्या कारागिराकडे रायफल नेता येत नाही, चोर्ला घाट उतरून गोव्यातही नाही. अंतर पंधरा-वीस किलोमीटरचं असलं तरी राज्य वेगळं. बाहेरच्या कारागिराकडे काम द्यायचं मनात असेल तर हद्द वाढवून घेण्याचा अर्ज आधी करा, सौदा नंतर.

विकणाऱ्याचं लायसन चालू आहे का, मुदत किती उरली, आणि त्यावर लिहिलेला नंबर रायफलीच्या नंबराशी अक्षरशः जुळतो का, हे समोर ठेवून ताडा. जुन्या ठोकलेल्या अंकांत ३ आणि ८ सहज एकसारखे दिसतात. नंबरावर खडूची पूड चोळून जास्तीची पूड बोटाने पुसली की खोलगट अंक पांढरे उठून दिसतात. शेजारी भिंग ठेवा. नंबर पुन्हा घासलेला, पुन्हा ठोकलेला वाटला तर तिथूनच परत फिरा. हत्यारावरची ओळखखूण पुसणं किंवा बदलणं हा शस्त्र कायद्याच्या आठव्या कलमाखाली गुन्हा आहे आणि असलं हत्यार बाळगणाराही अडकतो. व्यक्तीकडून व्यक्तीला विक्री असेल तर विकणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस जाऊ द्यावे लागतात. हे दिवस हिशोबात धरल्याशिवाय बयाणा देऊ नका. वारसाची रायफल असेल तर बाकी वारसांचं ना हरकत आधी. चुलत्यांची सही राहिली म्हणून वर्षभर कपाटात पडून राहिलेल्या रायफली काही कमी नाहीत.

आता बोअर. आपल्याकडे सर्रास मिळणारी म्हणजे बंगालमधल्या इच्छापूरच्या सरकारी कारखान्याची .३१५, जिला लोक थ्री-फिफ्टीन म्हणतात. तिचं काडतूस ८ x ५० मिमी, कडा असलेलं. तिची अॅक्शन, म्हणजे काडतूस चढवणारा बोल्ट ज्यात सरकतो तो लोखंडी सांगाडा, ली-एनफिल्ड या जुन्या ब्रिटिश लष्करी रायफलीच्या वळणाची, म्हणून दुरून बघितली तर थ्री-नॉट-थ्रीच वाटते, आणि धोका तिथेच आहे. .३०३ किंवा ७.६२ मिमीचं लष्करी काडतूस ज्यात बसून झडतं, अशी रायफल सामान्य लायसनवर चालत नाही. म्हणून शिकारी वळणाचा दस्ता लावलेली जुनी .३०३ कोणी ‘थ्री-फिफ्टीनच आहे ती’ म्हणून दाखवत असेल तर नळीवरचं बोअर वाचा, लायसनवरचं वाचा, आणि दोन्ही जुळलं तरी लायसन असलेल्या विक्रेत्याकडून चेंबर, म्हणजे नळीत काडतूस बसतं ती जागा, मोजून घ्या. काडतूस घालून ‘बसतंय का’ बघण्याचा प्रकार करू नका. बोअर बदलून घेऊ, नळी आखूड करून घेऊ, असल्या योजना मनात असतील तर त्या तिथेच सोडा. नळी आखूड करायला आणि हत्यार एका वर्गातून दुसऱ्या वर्गात न्यायला वेगळं लायसन लागतं, आणि ते बांधणी करणाऱ्या हौशी माणसाच्या आवाक्यातलं नव्हे.

.३०-०६ ही दुसरी चांगली निवड. पण माउझर या जर्मन रायफलीच्या जुन्या वळणाच्या अॅक्शनवर ती बांधलेली असेल तर व्हर्नियर कॅलिपर बरोबर न्या. नळी जिथे अॅक्शनमध्ये बसते त्या पुढच्या कड्याचा बाहेरचा व्यास १.४१ इंच, म्हणजे साधारण ३५.८ मिमी, असला तर ती मोठ्या कड्याची अॅक्शन. १.३० इंचाच्या आसपास असला तर छोट्या कड्याची. त्यांतल्या बहुतेक १८९८ च्या आधीच्या वळणाच्या असतात. ती वळणं कमी दाबाच्या काडतुसांसाठी झाली. .३०-०६ चा दाब ६०,००० पीएसआयपर्यंत (पौंड दर चौरस इंच) जातो, त्यामुळे जुन्या छोट्या कड्यावर ते काडतूस झाडू नये. .२७५ किंवा .३१८ सारखी जुनी इंग्रजी बोअरं कितीही देखणी असली तरी आधी काडतुसांची चौकशी करा. गोळी मिळत नसेल तर ती रायफल शोकेसचीच.

रायफल हातात घेतल्यावर सगळ्यात आधी ती रिकामी असल्याची खात्री. मॅगझीन काढा, बोल्ट मागे ओढा, चेंबरात करंगळी घालून बघा. विकणारा ‘खाली आहे’ म्हणाला तरी बघा. थ्री-फिफ्टीनचा बोल्ट पूर्ण मागे ओढून त्याचं पुढचं डोकं वर वळवलं की बाहेर येतो. मग नळी. तेल भरलेल्या नळीतून बघून काही कळत नाही. तेल खड्डे बुजवून चकाकी देतं. आधी दोन-तीन कोरड्या फडक्या आरपार ओढा, पांढरा कागद दाराकडे धरा आणि चेंबरच्या बाजूने बघा. रायफलिंगचे, म्हणजे नळीच्या आतल्या पिळाचे, आटे धारदार उठून दिसायला हवेत. चेंबरपुढचा पहिला दोन-तीन इंचांचा तुकडा सगळ्यात जास्त भाजलेला असतो. जुन्या काडतुसांच्या प्रायमरमधलं मीठ ओलावा ओढतं आणि खड्डे तिथूनच पडायला लागतात. किरकोळ काळसरपणा चालतो, पण आटे बसून गेले असतील तर नळी बदलण्याचा खर्च धरावा लागतो. तो धरला की स्वस्त रायफल महाग पडते.

नळीत मध्येच एखादं काळं, गोल वलय दिसलं तर तिथे नळी फुगलेली असू शकते. वलयाच्या जागी बाहेरून नळीवर अंगठा आणि तर्जनीची चिमूट धरून हलकेच पुढे-मागे फिरवा. फुगवटा डोळ्याला दिसायच्या आधी बोटाला लागतो. आत कापूस किंवा फडकं विसरून गोळी झाडली की असं होतं. अशी नळी घेऊ नका, मग ती कितीही कमी भावात मिळो. तोंडाकडची कडही बघा. साफसफाईची सळी वर्षानुवर्षं तोंडाकडून घातली की तिथले आटे एका बाजूला झिजतात आणि रायफल गोळ्या पसरवते. यावर इलाज असतो, तोंड नव्याने कापता येतं. पण त्यात नळी थोडी आखूड होते, म्हणून ते काम लायसन असलेल्या कारागिराचंच.

बोल्टच्या बाबतीत थ्री-फिफ्टीनची एक खोड आहे: कुलूप लागणारे दोन्ही दात बोल्टच्या मागच्या भागात असतात. गोळी सुटताना बोल्ट लवचिक सळीसारखा किंचित दबतो आणि पितळी टोपी, म्हणजे काडतुसाचं कवच, ताणली जाते. त्यामुळे हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्ट आणि काडतुसाचं बूड यांतली मोकळीक, जास्त झालं असेल तर इथे लवकर कळतं. विकणाऱ्याकडे याच रायफलीतून झडलेल्या रिकाम्या टोप्या असतील तर मागून घ्या. बुडापासून साधारण सेंटिमीटरभर वर चकचकीत वलय दिसलं, किंवा कागदाची क्लिप सरळ करून टोकाला वाकवून टोपीच्या आतल्या भिंतीवर फिरवल्यावर खोबण लागली, तर टोपी तुटायच्या बेतात होती असं समजा. मग गेज, म्हणजे काडतुसाच्या जागी घालायचा मापाचा पोलादी तुकडा, लावून मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका. ‘गो’ गेजवर बोल्ट बंद व्हावा, ‘नो-गो’ गेजवर होऊ नये, आणि ‘फील्ड’ गेजवरही बंद झाला तर रायफल झाडायचीच नाही. बोल्टचं डोकं हाताने पूर्ण आवळल्यावर बोल्टच्या कडेच्या रेषेशी किंवा जरा अलीकडे थांबायला हवं. रेषा ओलांडून वीस अंशांहून जास्त पुढे जात असेल तर डोक्याचे आटे झिजलेत. बोल्टवरचा नंबर नळीच्या नंबराशी जुळतो का तेही बघा. दुसऱ्या रायफलीचा बोल्ट असेल तर दात दोन्ही बाजूंनी सारखे टेकत नाहीत. दातांना काळा मार्कर लावून बोल्ट दहा वेळा बंद-उघड केला की कुठला दात टेकतो आणि कुठला नाही ते पुसल्या गेलेल्या काळ्या रंगावरून कळतं.

ट्रिगरसाठी बोल्ट जोरात बंद करा, सेफ्टी काढलेली असू द्या, आणि दस्त्याच्या बुडावर तळहाताने दोन-तीनदा थापटी मारा. रायफल रिकामी आहे हे पुन्हा बघूनच. घोडा सुटला तर सीअर, म्हणजे घोडा अडवून धरणारा तुकडा, झिजलाय. ट्रिगर हलका करायला कोणीतरी कानस फिरवलेली असते, त्याचा हा परिणाम.

मॅगझीन बघायला डमी काडतुसं न्या, झडणारी नव्हे. .३१५ च्या काडतुसाला बाहेर आलेली कडा असते. भरताना वरच्याची कडा खालच्याच्या कडेच्या पुढे बसायला हवी. मागे अडकली की वरचं काडतूस पुढे सरकतच नाही. मॅगझीनचे ओठ वाकलेले असले की हाच त्रास सतत होतो.

आता लाकडाकडे, पण वरवर नाही. दस्ता उतरवून नळीचा खालचा अर्धा बघा. गंज तिथेच लपतो, विशेषतः जांबोटी-कणकुंबीकडच्या घरातली रायफल असेल तर. तिकडच्या पावसाळ्यात चार महिने कपाटातलं लाकूड दमट राहतं आणि लोखंडाला चिकटलेलं असतं. गंज नखाने खरवडून बघा. नख अडकलं तर खड्डा आहे, नुसती लाली असेल तर पातळ तेल आणि बारीक स्टीलवूल पुरतं. इलेक्शनच्या वेळी ठाण्यात जमा केलेली रायफल महिना-दोन महिने तिथे पडून राहते, म्हणून देताना ग्रीस लावून आणि नंबर लिहिलेली पावती घेऊन देण्याची सवय विकणाऱ्याला होती का ते विचारा. लोखंडावर त्याची उत्तरं उमटलेली असतात. कातडी किंवा कॅनव्हासच्या खोळीत ठेवलेली रायफल तर आणखी संशयाने बघावी, खोळ पाणी धरून ठेवते.

या वळणाच्या रायफलींत दस्त्याचा मागचा भाग लांब बोल्टने (काडतूस चढवणारा नव्हे, साधा आवळायचा) अॅक्शनला आवळलेला असतो. तो ढिला दिसला म्हणून मागून स्क्रूड्रायव्हर घालून थेट फिरवू नका. काही जुन्या वळणांत त्या बोल्टचं चौकोनी टोक पुढच्या लाकडात अडकलेलं असतं, आणि बोल्ट फिरला की पुढचं लाकूड फाटतं. आधी पुढचं लाकूड उतरवा, मग मागचा बोल्ट. मुठीच्या मागे, लोखंड संपतं तिथे केसासारखी चीर बघा. तेलाने भिजून काळं झालेलं लाकूड नखाने दाबून बघा, मऊ लागलं तर तो दस्ता नव्या बांधणीला उपयोगाचा नाही.

नवा दस्ता करायचाच असेल तर अक्रोडाचं वाळलेलं लाकूड घ्या. शिसव चालतो, पण वजन वाढतं. आपल्याकडे सागवानाचा आग्रह फार. सागवान दाराला उत्तम, पण मुठीजवळ झटका घेताना सरळ रेषेत चिरतो आणि तेलकटपणामुळे बेडिंगचा, म्हणजे लोखंड लाकडात घट्ट बसवायचा, इपॉक्सीसुद्धा नीट धरत नाही. कापायच्या आधी लांबी ठरवा: कोपर काटकोनात वाकवून दस्त्याचं बूड कोपराच्या वाकणात ठेवलं की तर्जनीचं पहिलं पेर ट्रिगरवर यावं. साडेतेरा इंच हे नेहमीचं माप. पावसाळ्यात रेनकोट घालणार असाल तर अर्धा इंच कमी.

दुर्बिणीचं शेवटी. .३१५ च्या माथ्यावर दुर्बीण बसवायला तयार जागा नसते, बाजूला पट्टी लावावी लागते आणि त्यासाठी अॅक्शनला भोकं पाडावी लागतात. कोणी आधीच पाडली असतील तर ती कुठे आहेत आणि आतून बोल्टच्या वाटेत येतात का, ते टॉर्च लावून बघा. वाकडी पाडलेली भोकं भरून नव्याने पाडणं शक्य असतं, पण दात जिथे कुलूप लागतात तिथल्या भिंतीत भोक असेल तर ती अॅक्शन सोडा.

रायफल ठरली आणि कारागिराकडे द्यायची वेळ आली की त्याच्याकडे दुरुस्ती आणि बदलाचं लायसन आहे का ते बघून, नंबर, बोअर, तारीख आणि करायची कामं लिहिलेली पावती घ्या. आपलं लायसन आणि ती पावती बांधणी होईपर्यंत एकाच पाकिटात ठेवा.