चीनच्या समाजवादावरची पुस्तकं निवडताना या चुका टाळा

चीनबद्दल वाचायचं ठरवलं की बहुतेक जण आधी माओचं जाडजूड चरित्र उचलतात. मीही तेच केलं होतं. पुस्तक संपलं तेव्हा माओच्या सवयी, त्याचं पोहणं, त्याची भांडणं सगळं पाठ झालं होतं. पण पन्नासच्या दशकात ज्या शेतकऱ्याची जमीन आधी सहकारी संस्थेत आणि मग कम्यूनमध्ये, म्हणजे अनेक गावांच्या सामूहिक शेतीत गेली, त्याच्या घरात काय झालं हे काही कळलं नव्हतं. म्हणून सुरुवात गावापासून करा. विल्यम हिंटनचं 'फानशेन' घ्या. 1948 साली शान्शी प्रांतातल्या एका गावात जमीनवाटप चाललं असताना हा अमेरिकन माणूस तिथे हजर होता. गरीब शेतकरी कोणाला म्हणायचं आणि मध्यम कोणाला, यावर बैठकांमागून बैठका होतात, लोक भांडतात, चुकतात, पुन्हा मोजतात. 1953 मध्ये तो मायदेशी परतला तेव्हा त्याच्या टिपणवह्या सरकारने जप्त केल्या आणि पुस्तक यायला 1966 उजाडलं. हिंटन क्रांतीच्या बाजूचा होता, हे ध्यानात ठेवून वाचा. तरीही गाव इतक्या जवळून दाखवणारं पुस्तक सहज सापडत नाही.

दुसरी चूक म्हणजे पुस्तक कधीचं आहे ते न पाहणं. एडगर स्नोचं 'रेड स्टार ओव्हर चायना' 1937 चं. कम्युनिस्टांचं लाल सैन्य वायव्य चीनमधल्या यनानच्या परिसरात होतं तेव्हा तिथे जाऊन त्याने माओची मुलाखत घेतली, आणि त्या काळासाठी हे पुस्तक आजही मोलाचं आहे. पण कम्युनिस्टांची सत्ता आली 1949 मध्ये, त्यामुळे समाजवादी राजवट कशी चालली हे त्यात शोधू नका. हाच स्नो 1960 मध्ये पुन्हा चीनला गेला आणि आपल्याला कुठे दुष्काळ दिसला नाही असं त्याने लिहिलं. तेव्हा माणसं उपासमारीने मरत होती. लेखक तोच, पण त्याला काय दाखवलं गेलं ते बदललं होतं. आपल्याकडे बऱ्याच जणांची चीनशी ओळख सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांमुळे होते. त्यांचं कामही 1938 ते 1942 मधलं, युद्धकाळातलं आहे.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो 1958 ते 1962 च्या दुष्काळात. मृतांचा आकडा दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत वाचायला मिळतो आणि वाचक आपल्या मताला पटेल तो उचलतो. आकड्याआधी तो कसा काढला ते बघा. नेहमीपेक्षा जास्त किती माणसं मेली हे 1953, 1964 आणि 1982 च्या जनगणना व नोंदणी यांवरून मोजतात. नेहमीचा मृत्युदर किती धरला यावर कोट्यवधींचा फरक पडतो. यांग जीशेंग यांच्या 'टूमस्टोन'मध्ये 3.6 कोटी आहे. ते सरकारी वृत्तसंस्थेचे पत्रकार होते, त्यांचे वडील 1959 मध्ये भुकेने गेले आणि अनेक प्रांतांतली दप्तरं त्यांनी स्वतः चाळली. इतिहासकार फ्रँक डिकोटर किमान साडेचार कोटी म्हणतो. मला विचाराल तर आधी यांग वाचा.

दुकानात उभ्याउभ्या पुस्तक पारखायचं असेल तर मागच्या सूचीत लुशान हे ठिकाणाचं नाव शोधा. जुलै 1959 मध्ये तिथल्या पक्षाच्या बैठकीत संरक्षणमंत्री पेंग दहुआईने माओला पत्र लिहून 'मोठी झेप' या उत्पादन झपाट्याने वाढवण्याच्या मोहिमेतल्या चुका दाखवल्या आणि त्याचं पद गेलं. पण गोष्ट तिथे संपत नाही. त्यानंतर खरं बोलायची कोणाची छाती झाली नाही, फुगवलेल्या पिकाच्या आकड्यांवर धान्याची लेव्ही ठरत राहिली, निर्यातही चालू राहिली. हा सगळा धागा जे पुस्तक उलगडतं ते घ्या. नुसता माओचा लहरीपणा किंवा नुसतं खराब हवामान सांगत असेल तर परत ठेवा. खुद्द तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष ल्यू शाओचीने 1962 मध्ये हुनानच्या शेतकऱ्यांचा हवाला देऊन म्हटलं होतं की तीन हिस्से निसर्ग, सात हिस्से माणसांची करणी.

म्हणून काय सगळी राजवट म्हणजे फक्त दुष्काळ, असंही नाही. एरवीच्या वर्षांत चीनमधला मृत्युदर झपाट्याने घटला, भारतापेक्षा वेगाने. अमर्त्य सेन आणि ज्याँ द्रेज यांनी 'हंगर अँड पब्लिक अॅक्शन'मध्ये दोन्ही बाजू शेजारी ठेवल्या आहेत, आणि भारतीय वाचकाने ते प्रकरण वाचायलाच हवं.

1976 ला, म्हणजे माओच्या मृत्यूशी संपणारं पुस्तक एकटंच वाचू नका. 1978 मध्ये आन्हुईतल्या श्याओगांग गावात 18 कुटुंबांनी सामूहिक जमीन गुपचूप वाटून घेतली, तिथून पुढचं निम्मं नाटक आहे. मॉरिस माइस्नरचं 'माओज चायना अँड आफ्टर' दोन्ही काळ जोडतं. मात्र 1999 ची तिसरी आवृत्ती बघून घ्या.

आणि जुन्या पुस्तकात नावं ओळखू येत नसतील तर घाबरू नका. पेकिंग म्हणजे बीजिंग, माओ त्से तुंग म्हणजे माओ झेडाँग, चौ एन लाय म्हणजे झोउ एनलाय. पहिल्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने अशा दहा जोड्या लिहून ठेवा.