यातलं सुटं काय काय मिळेल?

सोलापूरच्या पूर्व भागात, अशोक चौकापासून जवळच, माझं किराणा दुकान आहे. दाराशी पाच-पाच रुपयांच्या पाकिटांच्या लडी लोंबतात आणि त्यांच्या मागे मी. सकाळी बिड्या द्यायला निघालेल्या अक्का पोराच्या हातात एक पाकीट देऊन त्याला गप करतात, हे रोज बघतो. तेव्हा मी काही साधू नाही, हा माल मीच विकतो. पण तीन वर्षांपूर्वी माझं बीपी चढलं. डॉक्टर म्हणाले, मीठ कमी करा. घरच्या आमटीत तर मीठ आधीच बेताचं. मग येतंय कुठून? म्हणून एका दुपारी, गिऱ्हाईक नसताना, चष्मा लावून स्वतःच्याच दुकानातली पाकिटं उलटी करत बसलो. तेव्हापासून कोणी विचारलं की जे सांगतो, तेच इथे लिहितोय.

पहिलं काम, घटकांची यादी शोधणं. ती मागे, बहुतेक वेळा जोडाच्या घडीजवळ, मुंगीएवढ्या अक्षरात असते. मोबाईलने फोटो काढा आणि बोटांनी मोठा करा, लाजू नका. यादीचा क्रम वजनावर ठरतो, जे सगळ्यात जास्त ते आधी. हा नियमच आहे. म्हणून पहिली तीन नावं वाचली तरी निम्मं काम झालं. मी स्वतः कित्येक वर्षं चहाबरोबर एक ‘पौष्टिक’ बिस्कीट खात होतो. पाकिटावर गव्हाची लोंबी, रंग खाकी. मागे पहिला मैदा, दुसरी साखर, तिसरं पामतेल. ज्या कोंड्याच्या नावावर मी पैसे मोजत होतो तो पार खाली, पुढे कंसात टक्का. हा कंसातला टक्का कामाचा असतो. पुढच्या बाजूला एखाद्या जिन्नसाचा गाजावाजा केला असेल, तर तो किती टक्के आहे ते मागे छापावं लागतं. ब्राऊन ब्रेडचंही तसंच. आधी मैदा आणि शेवटी कॅरॅमल रंग, म्हणजे १५० नंबर (रंग, टिकवायची द्रव्यं वगैरेंना यादीत असे INS नंबर असतात), दिसला तर तो तपकिरी रंग गव्हाचा नाही.

आता माझी दुकानदारी परीक्षा. यादीतलं एकेक नाव घ्या आणि मनात मला विचारा, “अण्णा, हे सुटं पावशेर द्या.” मैदा देईन, साखर, मीठ, तिखट, हळद, जिरं देईन. ज्यावर मी डोकं खाजवीन, तिथे थांबून वाचा.

नंबर दिसला की विष, असं मात्र धरू नका. घरोघरी फिरणारे मेसेज तसं सांगतात आणि पोरांना उगाच भेडसावतात. ५०० म्हणजे भज्यात घालतो तो खायचा सोडा, तो माझ्याकडे पुडीत मिळतो. ३३० म्हणजे लिंबूसत्त्व, ढोकळ्याला नेतात ते. ४१२ हा गवारीच्या बियांचा डिंक, १०० हा हळदीतलाच पिवळा रंग, ३२२ बहुतेक वेळा सोयाबीनमधून काढलेलं लेसिथिन. यांना घाबरायचं कारण नाही.

मला जे सुटं देता येत नाही, त्यातलं रोज भेटणारं सांगतो. ३१९ हे तेल खवट होऊ नये म्हणून. सोलापूरचा एप्रिल, पारा बेचाळिसावर, आणि त्या उन्हात दाराशी लटकलेली तळलेल्या मालाची लड. तेल खवट का होत नाही, याचं एक उत्तर हे. बंद पाकिटात भरलेला नायट्रोजन हे दुसरं. २११ सॉस आणि सरबतात, २८२ पावाला बुरशी येऊ नये म्हणून. या सगळ्यांना सरकारने मर्यादा घालून दिली आहे आणि तेवढ्यात ते चालतात. माझा आक्षेप नंबरावर कमी आणि ज्या पदार्थात तो सापडतो त्यावर जास्त आहे. असा पदार्थ एरवीही रोज खायचा नसतो.

अजिनोमोटोचं वेगळं सांगायला हवं. तो ६२१. त्यातली चव येते ती ग्लुटामेटमुळे, आणि ते टोमॅटोतही निसर्गतः असतं, त्यामुळे त्याला राक्षस ठरवण्यात अर्थ नाही. पण ‘अजिनोमोटो नाही’ असं ठळक छापलेलं पाकीट उलटं करा. तिथे ६२७ आणि ६३१, किंवा दोन्हींची जोडी म्हणून ६३५, किंवा यीस्ट एक्स्ट्रॅक्ट, किंवा हायड्रोलाइज्ड व्हेजिटेबल प्रोटीन सापडतं. शेवटच्या दोघांत ग्लुटामेट असतंच, आणि पहिले नंबर ती चव आणखी वर उचलतात. एक पाकीट संपलं की पोराचा हात आपोआप दुसऱ्याकडे जातो, त्यात या चवीचा वाटा आहे. घालायचं तर घाला, पण पुढे ‘नाही’ लिहून मागच्या दाराने आणू नका, एवढंच माझं म्हणणं.

आता मीठ, माझा स्वतःचा विषय. पाकिटावर मीठ लिहीत नाहीत, सोडियम लिहितात, तेही मिलिग्रॅममध्ये. त्याला अडीचने गुणा, मीठ मिळालं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे २,००० मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम. माझ्या हातातल्या नूडल्सवर १०० ग्रॅमला १,१०० लिहिलेलं होतं. पाकीट ७० ग्रॅमचं. ७७० मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे जवळजवळ दोन ग्रॅम मीठ, एका वाडग्यात. वर आमच्याकडे त्यासोबत फरसाण लागतंच! आकडा १०० ग्रॅमचा आहे की ‘एका सर्व्हिंग’चा हे नीट बघा. सर्व्हिंग ३० ग्रॅमची आणि पाकीट ९० ग्रॅमचं असेल, तर तिप्पट करा, कारण पाकीट फोडून तिसरा हिस्सा खाऊन बाकी डब्यात ठेवणारा माणूस मी अजून पाहिला नाही. नूडल्स करायचीच तर मसाल्याची पुडी अर्धीच टाका. मीठ मुख्यतः तिच्यात असतं.

साखरेचं गणित सोपं. ४ ग्रॅम म्हणजे साधारण एक चहाचा चमचा. ‘ॲडेड शुगर’ची ओळ वाचा आणि चारने भागा. यादीत साखरेची टोपणनावं येतात. लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप, डेक्स्ट्रोज, ही सगळी एकाच घरची. साखर तीन नावांत वाटली की प्रत्येक नाव यादीत खाली सरकतं आणि पहिला नंबर भलत्याला मिळतो. माल्टोडेक्स्ट्रिन तर साखरेच्या ओळीत धरतच नाहीत, पण पोटात गेल्यावर त्याचं ग्लुकोज झटपट होतं. शुगरवाल्यांनी ‘शुगर फ्री’ वाचून हुरळून जाऊ नये.

आइस्क्रीम घेताना कपावर ‘फ्रोझन डेझर्ट’ लिहिलंय का बघा. तसं असेल तर त्यात दुधाच्या स्निग्धाऐवजी वनस्पती तेल असतं. खारी, क्रीमरोलसारखा सुटा बेकरी माल घेताना वाचायला काही नसतंच. वनस्पती तूप वापरता का, एवढं विचारा. त्यात ट्रान्स फॅट, म्हणजे हृदयाला वाईट चरबी, असू शकते. तेला-तुपातल्या या चरबीवर जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा आहे.

गाड्यावर यादी कुठली? तिथे डोळे वापरायचे. गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर फिरताना मी आधी कढई बघतो. तेल काळपट, दाट, वर फेस धरलेला आणि मंद आचेवरही धूर, की पुढे चालायचं. मग रंग. आठ कृत्रिम खाद्यरंगांना आपल्याकडे परवानगी आहे, पण ठरावीक पदार्थांत आणि ठरावीक प्रमाणात. गोबी मंचुरियन खाऊन बोटं लालभडक झाली आणि साबणाने धुऊनही रंग राहिला, तर प्रमाण कोणी मोजलेलं नाही असं समजा. मार्च २०२४ मध्ये शेजारच्या कर्नाटकाने मंचुरियन आणि म्हातारीच्या केसांतल्या कृत्रिम रंगांवर बंदी घातली. तपासलेल्या नमुन्यांत ऱ्होडामाइन बी सापडला होता, तो कापड-कागद रंगवायचा रंग. चादरीचं सूत रंगवून ज्या गावाच्या चुली पेटल्या, त्या गावाला कापडाचा रंग आणि खायचा रंग यांतला फरक मी काय सांगणार! नातीला म्हातारीचे केस मी पांढरेच घेऊन देतो. ती रुसते. रुसू दे.

राहिली आपली शेंगाचटणी. बाहेरगावचे पाहुणे दोन-दोन किलो नेतात, म्हणून मुद्दाम सांगतो. आधी पाकिटावर FSSAI चा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा आकडी परवाना नंबर आहे का बघा. नुसती चिठ्ठी स्टेपल केलेली पिशवी असेल तर कोणी, कधी केली ते विचारा. यादीत शेंगदाणे, तिखट, लसूण, मीठ, जिरं, बस्स, आणि हे सगळं मी सुटं देऊ शकतो. मागे एका व्यापाऱ्याने ठेवायला दिलेल्या पाकिटात पामतेल आणि रंग दोन्ही लिहिलेले होते. मी माल परत केला, तो आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. नीट कुटली तर शेंगदाण्याचंच तेल सुटतं आणि चटणीचे ओलसर गोळे होतात. यादीत तेल वेगळं लिहिलेलं असेल, तर कुटायचे कष्ट कोणीतरी वाचवलेत.